सुट्या भागांचे क्रमांक (जुन्या जपानी मोटारसायकलींचे)

मोटारसायकलीच्या प्रत्येक सुट्या भागाला उत्पादक कारखाना ठरावीक रचनेची जी अंकाक्षरी खूण देतो, तिला त्या भागाचा क्रमांक किंवा रूढ भाषेत ‘पार्ट नंबर’ म्हणतात. होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या चार जपानी कंपन्यांच्या जुन्या गाड्या, तसेच त्यांच्या तंत्रज्ञानावर १९८० च्या दशकात भारतात तयार झालेल्या गाड्या चालत्या ठेवताना या क्रमांकाचे वाचन हे पान्याइतकेच गरजेचे कौशल्य ठरते. भाग कशाचा आहे आणि तो प्रथम कोणत्या गाडीसाठी आखला गेला, एवढेच बहुतेक क्रमांक सांगतात. तो आज कोणकोणत्या गाड्यांना बसतो हे त्यांत लिहिलेले नसते. हा भेद न कळल्यामुळे योग्य भाग समोर असूनही नाकारला जातो आणि न बसणारा भाग पैसे मोजून घरी येतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील गॅरेजांत ‘जुनी जपानी गाडी’ म्हटले की सहसा आयात केलेली गाडी अभिप्रेत नसते. एस्कॉर्ट्सने यामाहा आरडी ३५० बी वरून १९८३ पासून काढलेली राजदूत ३५०, इंड-सुझुकी एएक्स १००, हीरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी-बजाज केबी १०० या गाड्या डोळ्यांसमोर येतात. कायद्याच्या दृष्टीने यांपैकी एकही अजून ‘व्हिंटेज’ नाही, कारण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्या वर्गासाठी गाडीची पहिली नोंदणी होऊन ५० वर्षे उलटलेली असावी लागतात. चाहते हा नियम मनावर घेत नाहीत, आणि भाग मिळण्याच्या अडचणीपुरते पाहिले तर त्यांचेच बरोबर आहे. या गाड्या ज्या भागीदाऱ्यांतून जन्मल्या त्या सर्व मोडल्या आहेत. इंड-सुझुकीतील भागीदार टीव्हीएस आणि सुझुकी २००१ मध्ये विभक्त झाल्या, त्याच सुमारास एस्कॉर्ट्स यामाहातून बाहेर पडली, हीरो आणि होंडा यांच्या फारकतीची घोषणा २०१० च्या अखेरीस झाली आणि बजाज-कावासाकी संबंध २०१७ मध्ये संपला. त्यामुळे काउंटरवर केवळ गाडीचे नाव सांगून भाग मिळण्याचे दिवस गेले. पुण्याची नाना पेठ, बेंगळुरूचा जे. सी. रोड किंवा दिल्लीचे करोल बाग येथील दुकानदाराला फोनवरून नेमका भाग समजावायचा तर क्रमांकच द्यावा लागतो. मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत व्यवहार चालणाऱ्या या पट्ट्यात एकाच भागाला दर दुकानी वेगळे नाव असते, म्हणून क्रमांकाचा उपयोग येथे आणखी वाढतो.

यामाहाची रचना : जुन्या यामाहा क्रमांकाचे तीन गट असतात : तीन अंकाक्षरे, पाच अंक आणि शेवटी दोन अंक. पहिला गट मॉडेलचा संकेत असतो, मधला भागाचे कार्य सांगतो आणि शेवटचा सुधारित आवृत्ती दाखवतो. मधल्या गटाची सुरुवात १ ने झाल्यास भाग इंजिनाचा, २ ने झाल्यास सांगाड्याचा आणि ८ ने झाल्यास विजेचा असतो. ११६३१ म्हणजे मूळ मापाचा पिस्टन, २६३११ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि २६३३५ म्हणजे क्लचची केबल, मग गाडी कोणतीही असो. पेटीवर २६३३५ छापलेले असून आत अ‍ॅक्सिलरेटरची केबल निघाली, तर पेटी आणि माल यांचा मेळ नाही हे गाडी न पाहताही सांगता येते.

खरा घोटाळा पहिल्या गटावरून होतो. १९७० च्या आर५ या ३५० सीसी गाडीचा संकेत २७८ आहे. तिच्यानंतर आलेल्या आरडी ३५० मध्ये रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पातळ पत्त्यांची झडप) बसवून सिलिंडर बदलला, पण जे भाग बदलण्याचे कारण नव्हते ते तसेच पुढे चालू राहिले आणि २७८ हा आपला संकेत घेऊनच आरडीच्या कॅटलॉगमध्ये आले. निपाणीकर आडनावाचे घराणे तीन पिढ्या पुण्यात राहत असले तरी आडनाव मूळ गावच सांगते, तसे या संकेताचे आहे. म्हणून राजदूत ३५० साठी भाग शोधणाऱ्याने २७८ पाहून ‘हा दुसऱ्या गाडीचा’ असे म्हणत पेटी परत करू नये. तशीच, मधले पाच अंक जुळले म्हणून भाग बसेल असेही धरून चालू नये. ११६३१ हा क्रमांक ५० मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) आरएक्स १०० च्या पिस्टनलाही असतो आणि ६४ मिलिमीटर बोअरच्या आरडीच्या पिस्टनलाही.

आरएक्सच्या चाहत्यांत ‘१एल१’ या संकेताला मोठी किंमत आहे, कारण सुरुवातीच्या गाड्यांच्या इंजिन आणि चेसिस क्रमांकांत तो आढळतो. पण एखाद्या भागावर हा संकेत दिसला म्हणजे तो भाग जपानमध्येच घडला असा जो अर्थ विक्रीच्या वेळी सर्रास काढला जातो, त्याला आधार नाही. संकेत आराखड्याचा असतो, तो भाग कोठे ओतला गेला याचा नव्हे. मोबाइलवरून क्रमांक पाठवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. आरडी ३५० एलसीचा ‘४एल०’ हा संकेत शून्याने संपतो, पण पाठवणारा पुष्कळदा तेथे रोमन ‘ओ’ टाइप करतो आणि शोध रिकामा येतो.

होंडाची रचना : होंडाने गटांचा क्रम उलटा ठेवला. आधी पाच अंकी कार्यसंकेत, मग तीन अंकाक्षरांचा मॉडेल संकेत आणि शेवटी आवृत्तीचा गट. १९६९ च्या सीबी ७५० चा मॉडेल संकेत ३०० आहे. पुढे अंक अपुरे पडल्यावर मॉडेल संकेतांत अक्षरे आली. कार्यसंकेताचा पहिला अंक १ असल्यास इंजिन, २ असल्यास क्लच व गिअरबॉक्स, ३ असल्यास वीज, ४ असल्यास चाके व ब्रेक असा स्थूल विभाग दिसतो. १२१०० हा सिलिंडर, १३१०१ हा मूळ मापाचा पिस्टन आणि २२८७० ही क्लचची केबल. हीरो होंडाच्या भागांनाही हीच चौकट असल्यामुळे सीडी १०० च्या मालकाला जपानी कॅटलॉग वाचणे तुलनेने सोपे जाते. चारही पद्धतींत नवशिक्याने हीच पद्धत आधी शिकावी.

सुझुकी आणि कावासाकी : सुझुकीच्या क्रमांकात पाच अंक कार्याचे आणि त्यापुढचे पाच मॉडेल व आवृत्तीचे असतात, शिवाय गरजेनुसार तीन अंकी शेपूट जोडलेले असते. १२११० हा पिस्टन आहे. कावासाकीत पहिले पाच अंक भागाचा प्रकार सांगतात, पण पुढचा गट केवळ अनुक्रमांक असतो व त्यात मॉडेलचा मागमूस नसतो. १३००१ म्हणजे पिस्टन आणि ९२०४९ म्हणजे ऑइल सील एवढे कळते, परंतु तो कोणत्या गाडीचा हे कॅटलॉग उघडल्याशिवाय कळत नाही. केबी १०० च्या बाबतीत त्यावर भर म्हणून बजाजचे स्वतःचे वेगळे क्रमांक आहेत, त्यामुळे जपानी यादीतला क्रमांक येथील जुन्या दुकानदाराला ओळखीचा नसतो.

ओव्हरसाइज : सिलिंडर झिजल्यावर तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. माप सहसा ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढते. लेथवरचा कारागीर याच टप्प्याला ‘दहा थाउ’ म्हणतो (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). यामाहात ११६३५ हा पहिला आणि ११६३६ हा दुसरा ओव्हरसाइज. होंडात १३१०१ च्या पुढे १३१०२, १३१०३ अशी चढण असते. सुझुकी मात्र मूळ क्रमांक तसाच ठेवून शेवटी ०५० किंवा १०० जोडते, म्हणजे अनुक्रमे ०.५० आणि १.०० मिलिमीटर. पिस्टनच्या माथ्यावरही हे माप कोरलेले असते. जुना पिस्टन काढल्यावर तो आकडा टिपून न घेता नुसते ‘आरडीचा पिस्टन’ मागवणे हा दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातील भांडणाचा हमखास प्रारंभ असतो. शिवाय पिस्टन हातात येण्यापूर्वी बोअर करू नये, कारण मागवलेला ओव्हरसाइज मिळेलच याची हमी जुन्या गाडीत नसते.

प्रमाणित भाग : बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग अशा अनेक गाड्यांत चालणाऱ्या वस्तूंना मॉडेल संकेत दिलेला नसतो. होंडा आणि यामाहात हे क्रमांक ९ ने सुरू होतात, तर सुझुकीत त्यांतील बरेचसे ०९ ने. यांचा फायदा असा की पुष्कळदा माप क्रमांकातच दडलेले असते. होंडाचा ९५७०१-०६०२०-०० हा ६ मिलिमीटर जाडीचा व २० मिलिमीटर लांबीचा फ्लँज बोल्ट आहे, आणि ९६१००-६३०२०-०० हे ६३०२ या सर्वत्र मिळणाऱ्या बेअरिंगचे होंडाकडील नाव आहे. ६३०२ चे माप आतून १५, बाहेरून ४२ आणि रुंदीला १३ मिलिमीटर असते. ०४ पासून पुढे बेअरिंगच्या शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो, म्हणून ६२०५ चे भोक २५ मिलिमीटरचे असते. सुझुकीच्या ०९२८३ ने सुरू होणाऱ्या ऑइल सीलमध्ये पुढचे दोन अंक शाफ्टचा व्यास दाखवतात.

एवढे वाचता आले की कंपनीच्या पेटीची वाट पाहावी लागत नाही. बेअरिंग आणि सील विकणाऱ्या कोणत्याही दुकानात माप सांगून तीच वस्तू मिळते. मात्र बेअरिंगच्या क्रमांकामागचे ‘सी३’ हे शेपूट विसरू नये. ते आतील फट नेहमीपेक्षा जास्त असल्याचे सांगते. टू-स्ट्रोक क्रँकवर जेथे सी३ सांगितले आहे तेथे साधे बेअरिंग घातले, तर इंजिन तापल्यावर ते आवळते. स्पार्क प्लगच्या क्रमांकालाही असाच अर्थ असतो. आरडी ३५० साठी सांगितलेल्या एनजीकेच्या बी८एचएस प्लगमध्ये ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ८ हा उष्णतेचा दर्जा आणि ‘एच’ म्हणजे आट्यांची १२.७ मिलिमीटर लांबी. ‘एच’च्या जागी ‘ई’ असलेला प्लग १९ मिलिमीटर लांबीचा असतो. तो आटे जुळतात म्हणून बसतो खरा, पण पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो.

कॅटलॉगचा वापर : मूळ कॅटलॉगमध्ये प्रत्येक विभागाची, भाग सुटे करून दाखवलेली आकृती आणि तिच्यासमोर यादी असते. आकृतीतले १, २, ३ हे आकडे फक्त त्या पानापुरते असतात. ते पार्ट नंबर समजून पाठवणारे लोक विक्रेत्यांना रोज भेटतात. यादीत नगसंख्येचा रकाना असतो, आणि काही ओळींसमोर ‘अमुक इंजिन क्रमांकापासून पुढे’ अशी टीप असते, जी वाचल्याशिवाय मागणी नोंदवू नये. उत्पादन चालू असताना भाग बदलला की यामाहात शेवटचे ०० चे ०१ होते, आणि कधी संपूर्ण क्रमांकच रद्द होऊन दुसऱ्या मॉडेल संकेताचा नवा क्रमांक त्याच्या जागी येतो. म्हणून जुन्या क्रमांकाने माल ‘बंद’ दाखवला तर बदली क्रमांक विचारणे ही पुढची पायरी असते. उलट दिशेनेही शोध घ्यावा. वर्षानुवर्षे दुकानाच्या माळ्यावर पडून असलेल्या कोऱ्या मालावर नेहमी जुनाच क्रमांक असतो.

जपानी कॅटलॉग भारतीय गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही. राजदूत ३५० ला पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक होता, त्यामुळे जपानी आरडीच्या त्या पानाचा तिला उपयोग नाही. ‘एचटी’ (हाय टॉर्क) आणि ‘एलटी’ (लो टॉर्क) या तिच्याच दोन आवृत्त्यांत शक्तीचा फरक असून त्यांचे सिलिंडर आणि सायलेन्सर सारखे नाहीत. भागावर ओतलेली किंवा कोरलेली संख्याही प्रत्येक वेळी पार्ट नंबर नसते. ती साच्याची खूण असू शकते किंवा कार्बुरेटर बनवणाऱ्या कारखान्याची.

क्रमांक हाती असूनही भाग जगात कोठेच मिळत नाही अशी वेळ येते, तेव्हा बेळगावची दुसरी बाजू कामी येते. उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्री व मशीनिंगचे कारखाने, तसेच महामार्गाने उत्तरेस कोल्हापूरजवळची शिरोली आणि गोकुळ शिरगाव या वसाहती यांमुळे ओतकाम, बोअरिंग, बुश घालणे, क्रँक दाबून जुळवणे ही कामे जाणणारे हात या पट्ट्यात आहेत. बुश, स्पेसर, स्टँडची पिन यांसारखे भाग नमुन्यावरून बिनधास्त करून घ्यावेत. गिअर आणि कनेक्टिंग रॉड यांच्या बाबतीत मात्र मापाबरोबर पोलादाचा प्रकार आणि उष्णतासंस्कारही जुळावे लागतात, म्हणून ते शक्यतो खऱ्या क्रमांकाचेच शोधावेत. दुसऱ्या मॉडेलचा रॉड बसवायचा असल्यास दोन्ही टोकांच्या मध्यांतील अंतर, पिनचा व्यास आणि बिग एंडची (क्रँककडील मोठ्या टोकाची) रुंदी ही तीन मापे जुळलीच पाहिजेत.

पार्ट नंबर आणि इंजिन क्रमांक यांची गल्लत करू नये. क्रँककेस (क्रँकभोवतीचे इंजिनाचे कवच) हा सुटा भाग म्हणून विकत मिळाला तरी वापरलेल्या क्रँककेसवर दुसऱ्या गाडीचा इंजिन क्रमांक कोरलेला असतो. तो बसवल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर व्हावी लागते. केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) ची गाडी कोल्हापूरकडे विकताना, अथवा एमएच-०९ (कोल्हापूर) ची इकडे आणताना, ना-हरकत दाखल्यासाठी इंजिन आणि चेसिस हे दोन्ही क्रमांक कागदाशी ताडले जातात. खानापूरच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या गाड्यांचा चेसिस क्रमांक गंजाने पुसट झालेला असतो. अशा गाडीचे भाग मागवण्याआधी तो क्रमांक हलक्या हाताने साफ करून त्याचा ठसा कागदावर घ्यावा, कारण कॅटलॉगमधली नेमकी ओळही त्याच्यावरूनच ठरते.