बजेट कॉम्प्युटर: नागपूरच्या उन्हात पैसे कुठे वाचवावेत?

बारावीचा निकाल लागला की सीताबर्डीच्या बाजारात असेंबल्ड कॉम्प्युटरची कोटेशनं निघू लागतात. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांच्यावर तासभर घासाघीस होते. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, त्याच्या ओळीवर मात्र कुणाची नजर थांबत नाही. "कॅबिनेटसोबत येऊन राहिली ना भाऊ, वेगळी कायले घेता?" एवढ्यावर विषय मिटतो. माझ्या मते नागपुरात तरी हिशेब याच ओळीपासून सुरू व्हावा आणि काटकसर दुसरीकडे करावी.

एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्ट एसी विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज तयार करते. या रूपांतरात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. समजा, आतल्या भागांना १५० वॅट हवेत. ७० टक्के कार्यक्षमतेची एसएमपीएस त्यासाठी भिंतीतून सुमारे २१४ वॅट ओढते आणि त्यातले ६४ स्वतःलाच तापवण्यात घालवते. ८५ टक्के कार्यक्षमता असेल, तर ही नासाडी २६ वॅटवर येते.

ही उष्णता आधी कपॅसिटरना, म्हणजे एसएमपीएसमधल्या वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागांना, भोवते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधलं द्रावण हळूहळू सुकत जातं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्याच्या अंगावर कमाल तापमानाचा ८५ किंवा १०५ अंश असा आकडा छापलेला असतो. कंपनीने नोंदलेले आयुष्याचे तास सारखे असतील, तर १०५ वाला त्याच उष्णतेत ८५ वाल्याच्या सुमारे चौपट टिकतो. मे महिन्यात आपला पारा ४५ च्या वर जातो. बंद खोलीत ठेवलेल्या मशीनसाठी हा फरक फार मोठा आहे. शिवाय, ज्या एसएमपीएसमध्ये संरक्षक सर्किट नाही, ती जळताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकते.

खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. एसएमपीएस उलटी करून तिच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा. तिथे १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅटच झाले, मग वर मोठ्या अक्षरांत ५०० लिहिलेलं असो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात. '८० प्लस'चा शिक्का असेल तर उत्तम. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता, ही त्याची मूळ अट आहे.

कॅबिनेटमध्ये पैसे जरूर वाचवा, पण हवा अडवून नाही. पंखा कितीही चांगला असला तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही. एखादा प्रोसेसर कामाच्या वेळी खोलीपेक्षा ४५ अंश जास्त तापत असेल, तर डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत तो ६७ वर राहील आणि मे महिन्यात ४२ च्या खोलीत ८७ वर जाईल. आणखी थोडा वर गेला की तो स्वतःहून वेग कमी करतो. म्हणजे पैसे मोजून घेतलेला वेग नेमका उन्हाळ्यात मिळत नाही. समोर काच आणि रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटपेक्षा समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट इथे जास्त कामाचं आहे.

खोलीतल्या कूलरच्या ओलाव्याची भीती अनेकांना वाटते. दमट हवेतलं पाणी थंड पृष्ठभागावर जमतं, आणि चालू कॉम्प्युटर तर हवेपेक्षा गरमच असतो. त्यामुळे कूलरची गार हवा चालते. फक्त थेट तुषार अंगावर येऊ देऊ नका, कारण खाऱ्या पाण्याचे क्षार आत साचतात. जाळीतली धूळही वेळोवेळी काढा.

आता कात्री कुठे लावायची ते बघू. गेमिंग करायचं नसेल तर ग्राफिक्स कार्ड वगळा, पण मग प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे याची खात्री करा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात ते नसतं. थोडे रुपये वाचवायला तो घेतला, तर स्क्रीनवर चित्र आणायलाच कार्ड घ्यावं लागतं. रॅम १६ जीबीची एक काडी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या. ड्युअल चॅनलमुळे मेमरीची वाट दुप्पट रुंद होते, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर चालत असल्यामुळे त्याला याचा सर्वाधिक फायदा मिळतो.

एसएसडी हवीच, पण सगळ्यात महागडी नको. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे हवी ती माहिती फिरून समोर येण्यातच सरासरी ४ मिलिसेकंद जातात. डिस्कवरची माहिती वाचणारं डोकं सरकायला लागणारा वेळ वेगळाच. साधी एसएसडी हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास करते. त्यापुढची वेगाची चढाओढ विद्यार्थ्याला रोजच्या वापरात जाणवतही नाही.

जुन्या बाजारातून घ्यायचाच तर प्रोसेसर घ्या. त्यात सहसा लवकर झिजणारं काही नसतं, फक्त पिना वाकलेल्या नाहीत हे तपासा. जुनी एसएमपीएस मात्र घेऊ नका, तिच्या कपॅसिटरचं आयुष्य किती उरलं आहे हे बाहेरून कळत नाही. नवा प्रोसेसरही एक पायरी खालचा चालेल, पुढे त्याच बोर्डवर वरचा बसवता येऊ शकतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पहिले रायझन प्रोसेसर २०१७ चे. त्यासोबतच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर २०२० पासूनचे ५००० मालिकेतले प्रोसेसरही चालतात. म्हणून बोर्ड घेताना त्यावर पुढे कोणते प्रोसेसर बसतील, हे दुकानदाराला तिथल्या तिथे विचारून घ्या.