तळ्याची जमीन होते कशी? मालगुजारी तलावांची पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियाकडे उन्हाळ्यात एखाद्या जुन्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाने चाललं, की पाणी कुठे संपलं हे पायालाच कळतं. आधी कोरडं गवत, मग लव्हाळा, मग पाणकणीस. पाणकणसाचं एक ठोंब उपटून पाहा: मुळांच्या जाळीत ओंजळभर काळा गाळ अडकलेला असतो. तळ्याची जमीन होते ती अशी, ओंजळी-ओंजळीने.

पावसाचं पाणी माती आणतं. पाण्याखालची झाडोरा-शेवाळं कुजून तळाशी बसतात. तळ वर आला की कमळ फोफावतं, आणखी वर आला की पाणकणीस, शेवटी गवत आणि झुडपं. जी वनस्पती वाढते तीच पुढचीला जागा करून देते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली या क्रमाची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या लेखी तो ठरलेल्या वाटेनेच जातो. पुढच्या अभ्यासकांना मात्र तो मध्येच थांबताना, मागे फिरतानाही दिसला.

मग हे उथळ तलाव इतकी वर्षं टिकले कसे? माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने धानासाठी ते बांधले. नवेगावबांधच्या तलावाचं श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं. पण तलाव एकदा बांधून भागत नाही. पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, डागडुजी करायची, पाणी आटलं की गाळ काढून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टाकायचा. निसर्ग भरत होता, गाव उपसत होतं.

१९५१ साली मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची गावावरची मालकी, संपली. ती जायलाच हवी होती. पण मालगुजारांकडचे हे तलाव सरकारकडे गेले आणि गावाचा हात हळूहळू सुटला. गाळ साचला आणि त्यात बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली. ही मूळची अमेरिका खंडातली. गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि मोडलेली फांदीही चिखलात मूळ धरते. जी जागा पाणवनस्पतींची, माशांची, ती झुडपांची झाली.

अलीकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या संस्थांनी, त्यांतल्या बायांनी, हे काम पुन्हा हाती घेतलं आहे. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणायची, तलावाचा तळ नांगरायचा आणि पावसाचं पाणी चढू लागलं की देशी पाणवनस्पती लावायच्या.