ग्रंथालयीन सांख्यिकी व ग्रंथपालाचे संशोधनकौशल्य

ग्रंथसाठा, देवघेव, वाचकांची ये-जा व वाचकांची मते यांची मोजणी करणे, नमुना काढणे आणि मिळालेल्या आकड्यांवरून खरेदी, नियतकालिकांची वर्गणी किंवा निर्लेखन (नको असलेली पुस्तके साठ्यातून कायमची काढणे) यांचे निर्णय घेणे, यासाठी ग्रंथपालाला लागणारी कौशल्ये. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती शिकवली जाते, पण भर बहुधा सूत्रांवर राहतो. प्रत्यक्षात आकडा बिघडतो तो सूत्राच्या आधीच, म्हणजे नोंद करताना आणि नमुना निवडताना.

या विद्येचा ग्रंथालयांशी संबंध जुना आहे. शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी ते गणिताचे अध्यापक होते. १९४८ मध्ये त्यांनी ग्रंथालयमितीची, म्हणजे ग्रंथालयाच्या कामाला गणित व सांख्यिकी लावण्याची, कल्पना मांडली. त्यापूर्वी, १९३४ मध्ये, लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयाचे प्रमुख सॅम्युअल ब्रॅडफर्ड यांनी उपयोजित भूभौतिकीवरील १,३३२ लेख कोणत्या नियतकालिकांत आले हे मोजले. नियतकालिके ३२६ निघाली. त्यांपैकी केवळ ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते, पुढच्या ५९ मध्ये ४९९ आणि उरलेल्या २५८ मध्ये ४०४. वर्गणीचा निर्णय घेणाऱ्यासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे: गाभ्यातली मोजकी नियतकालिके सोडता कामा नयेत, आणि त्यापलीकडे तेवढेच लेख मिळवायला कितीतरी पट नियतकालिके घ्यावी लागतात.

साठ्याचा वापर तपासण्यासाठी प्रत्येक पुस्तक पाहण्याची गरज नसते. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली (म्हणजे शंभरपैकी ९५ नमुन्यांत अंदाज खऱ्या आकड्याच्या ५ टक्के अलीकडे-पलीकडे येईल), तर कितीही मोठ्या साठ्याला ३८५ पुस्तकांचा नमुना पुरतो. ३६,००० पुस्तकांना ३८१ आणि २,००० पुस्तकांना ३२३ लागतात. साठा अठरा पट वाढला तरी नमुना थोडाच वाढतो, हे अनेकांना पटत नाही. म्हणून ‘दहा टक्के घेऊ’ असा ठोकताळा चालतो. तो मोठ्या ग्रंथालयाला विनाकारण राबवतो आणि लहान ग्रंथालयाला अपुरा नमुना देतो.

नमुना दाखल नोंदवहीतून, म्हणजे प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवलेल्या वहीतून, काढावा, कपाटातून नव्हे. कपाटातून काढला तर त्या दिवशी वाचकांच्या घरी असलेली पुस्तके, म्हणजे नेमकी सर्वाधिक मागणीची, सुटतात आणि साठा आहे त्यापेक्षा निरुपयोगी भासतो. समजा दाखल क्रमांक ४०,००० पर्यंत गेले आहेत आणि त्यांतील दहावा हिस्सा निर्लेखित झाला आहे. ३८१ जिवंत पुस्तके हाती यायला ४२४ क्रमांक काढावे लागतात, म्हणून ४०,००० ला ४२४ ने भागून अंतर ९४ चे ठेवावे. १ ते ९४ मधला एक क्रमांक चिठ्ठीने निवडावा. ३७ आला तर पुढे १३१, २२५ असे घेत जावे. निर्लेखित क्रमांक आला तर तो सरळ सोडावा. त्याऐवजी शेजारचे पुस्तक उचलले, तर निर्लेखनाच्या रांगेला लागून असलेल्या पुस्तकांचा भार वाढतो. नमुन्यातील १५२ पुस्तके पाच वर्षांत एकदाही गेली नसतील, तर न गेलेल्यांचे प्रमाण अंदाजे ३५ ते ४५ टक्के मानावे. ही अचूकता संपूर्ण साठ्यापुरती आहे. नमुन्यात तत्त्वज्ञानाची ३० पुस्तके असतील, तर त्या विषयापुरती त्रुटी १८ टक्क्यांपर्यंत जाते. तेवढ्यावर तत्त्वज्ञानाचे कपाट रिकामे करणे घातक आहे.

‘गेले नाही’ म्हणजे ‘वाचले नाही’ असेही नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेली नव्हती. त्यावर मोठा वाद झाला. वाचनकक्षातला वापर मोजायचा तर वाचकांना पुस्तके टेबलावरच ठेवायला सांगावे आणि ती परत लावण्यापूर्वी नोंदवावीत. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयांत यासाठी ‘सांख्यिकी’ प्रकारचे सभासदखाते उघडून त्यावर पुस्तक नोंदवता येते. तिथे देणे, नूतनीकरण आणि स्थानिक वापर हे वेगळे व्यवहारप्रकार असतात. एका वर्षी नूतनीकरणे धरली आणि दुसऱ्या वर्षी वगळली, तर वाढ-घट दिसते ती केवळ मोजण्याच्या पद्धतीतली.

देवघेवीचे आकडे एका बाजूला फार झुकलेले असतात. दहा पुस्तके अनुक्रमे ०, ०, ०, ०, १, १, २, २, ४ आणि ४० वेळा गेली, तर सरासरी ५ येते, पण मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातली मधली किंमत, १ असतो. अहवालात सरासरी एकटी कधीच देऊ नये. मध्यक आणि शून्य वेळा गेलेल्यांचे प्रमाण सोबत द्यावे.

मतचाचणीत सर्वांत मोठा दोष वाटपाचा असतो. काउंटरवर ठेवलेली प्रश्नावली येणाराच भरतो. जो सभासद असून येत नाही, त्याचे मत त्यात नसते. त्यासाठी सभासदयादीतून नमुना काढून फोन करावा लागतो. ‘पुस्तके व कर्मचारी समाधानकारक आहेत का?’ यांत दोन प्रश्न आहेत, ते तोडावेत. पंधरा-वीस जणांवर प्रश्नावली आधी तपासून घ्यावी. पाचबिंदू मापकाच्या (‘अगदी असमाधानी’ ते ‘अगदी समाधानी’ अशा पाच पर्यायांच्या) उत्तरांची दशांश चिन्हांत सरासरी देण्यापेक्षा प्रत्येक पर्यायाची टक्केवारी अधिक प्रामाणिक ठरते. दोन गटांची तुलना काय-वर्ग कसोटीने (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणाऱ्या कसोटीने) करताना एखाद्या रकान्यात अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आली, तर पर्याय एकत्र करावेत. कोण काय वाचतो ही माहिती नावासह ठेवू नये. विश्लेषणापूर्वी सभासद क्रमांक काढून टाकावा.

कार्यकारणाचा दावा तर फारच जपून करावा. ब्रिटनमध्ये हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने आठ विद्यापीठांत झालेल्या अभ्यासात पुस्तके नेण्याचा आणि पदवीच्या निकालाचा संबंध आढळला. पण पुस्तके नेल्यामुळे निकाल सुधारतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. ग्रंथालयात येण्याच्या संख्येचा निकालाशी तसा संबंध दिसला नाही. भारतात नॅक या उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने ग्रंथालयात दररोज येणाऱ्यांची संख्या मागितलेली आहे. दारावरच्या मोजयंत्राचा आकडा आत-बाहेर दोन्ही वेळा वाढत असेल तर त्याला दोनने भागावे, कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या वजा कराव्यात आणि ही पद्धत आकड्याशेजारीच लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा ग्रंथपालही तसेच मोजेल.