मुंबई परिसरातील मैदानी खेळ व डोंगरभटकंती

मुंबई, ठाणे व नवी मुंबई ही शहरे आणि लोकल गाडीने गाठता येणारा कसारा, कर्जत, खोपोली, पनवेलपर्यंतचा डोंगरपट्टा या भागात समुद्रावर, मैदानांवर व सह्याद्रीत चालणारे खेळ आणि भटकंती. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मुंबई बंदराची खाडी आणि तिच्यापलीकडे कोकणपट्टी ओलांडली की सह्याद्रीची मुख्य धार, अशी इथली रचना आहे. शनिवारी रात्रीची शेवटची कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची, पहाटे चढाईला लागायचे आणि रविवारी रात्री घरी परतायचे, हा इथल्या डोंगरवेड्यांचा अनेक पिढ्यांचा शिरस्ता आहे.

या सगळ्याचे वेळापत्रक पाऊस आणि भरती-ओहोटी ठरवतात. सरासरीने ११ जूनच्या सुमारास मुंबईत मोसमी पाऊस पोचतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मागे फिरतो. या चार महिन्यांत समुद्र जवळपास बंद असतो आणि डोंगर गर्दीने भरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिडाच्या नावा, लांब पल्ल्याचे पोहणे आणि प्रस्तरारोहण (कातळावरची चढाई) या तिन्हींचा ऐन हंगाम. मार्चनंतर काळा कातळ तापतो. मग भटकंती पहाटेपुरती उरते किंवा चांदण्या रात्रीकडे वळते.

भरतीचा हिशेब : भरती दिवसातून दोनदा येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीचा अंक पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पूर्ण ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून नाव पाण्यात घालण्यापूर्वी छापील भरती-कोष्टक पाहावेच लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी साडेचार ते पाच मीटरपर्यंत चढते. अष्टमीच्या आसपास, भांगेच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक दीड-दोन मीटरवर येतो. नवख्याने समुद्रावरची पहिली शिकवणी भांगेच्या दिवशी घ्यावी, कारण तेव्हा प्रवाहाची ओढ कमी असते.

डोंगर : सह्याद्री बेसॉल्टच्या आडव्या थरांचा बनला आहे. कठीण थराचा उभा कडा होतो आणि मऊ थर झिजून मुरमाड उतार किंवा झाडीची पट्टी तयार होते. त्यामुळे कडा, उतार, पुन्हा कडा अशी रचना सगळीकडे दिसते. वाट शोधण्याची युक्तीही यातूनच येते. कड्याशी वाट थांबली तर तिथेच वर चढण्याचा हट्ट धरू नये. कड्याच्या पायथ्याच्या पट्टीवरून आडवी मारत जावे. बहुतेक वेळा खडकाची कमकुवत रेघ झिजून झालेली नाळ किंवा घळ सापडते आणि पूर्वापारची वाट तिथूनच वर गेलेली असते. ढोरवाटा मात्र चकवतात. त्या पाण्याकडे किंवा गवताकडे जातात, गडाकडे नाही. वाट पाऊणएक तास चढलेलीच नसेल तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावे.

लोकलच्या टप्प्यातले डोंगर ठरलेले आहेत. आसनगावहून माहुली, वांगणीहून चंदेरी, नेरळहून पेब आणि माथेरानच्या वाटा, कर्जतहून कोंढाणे लेण्यांवरून राजमाची, पनवेलहून प्रबळगड व कलावंतीण. खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा जातात. गणेश घाट लांबचा आणि सोपा. शिडी घाट जवळचा, पण ओल्या शिड्या आणि कातळटप्पे असलेला. पावसात शिडी घाट टाळावा. हरिश्चंद्रगडाला (१,४२४ मी.) पाचनईची वाट सर्वांत सोपी आहे, तर बेलपाड्याहून कोकणकड्याशेजारून चढणारी नळीची वाट दगड कोसळण्यासाठी कुप्रसिद्ध. नळीत दोघांनी एकाच रेषेत खाली-वर चालू नये, हेल्मेट काढू नये आणि पावसाळ्यात तिथे जाऊच नये. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) कसारा-इगतपुरी मार्गे बारी गावातून चढतात. अवघड टप्प्यांवर आता लोखंडी शिड्या आहेत.

पावसाळ्यात सर्वाधिक बळी ओढे आणि धबधबे घेतात. पाऊस वरच्या पठारावर पडतो आणि खाली ऊन असतानाही ओढा अर्ध्या तासात कमरेएवढा चढू शकतो. आधीच्या खुणा लक्षात ठेवाव्यात : पाणी गढूळ होते, पाने-काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जड होतो. यांतली एकही दिसली तर धबधब्याखालचे डोह तत्काळ सोडावेत. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओढा ओलांडू नये. ओलांडायचाच झाला तर पाठपिशवीचा कमरपट्टा सोडावा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवावे, काठीचा तिसरा पाय करावा आणि खाली कडा असलेली जागा कधीही निवडू नये. थांबणे हा उत्तम उपाय आहे. पाऊस थांबला की असे ओढे दोन-तीन तासांत उतरतात.

ऑक्टोबरात धोका बदलतो. शेवाळ वाळते, पण मुरमावर वाळलेले गवत आडवे पडते आणि त्यावर कोणताही बूट टिकत नाही. चंदेरीसारख्या ठिकाणचा घसारा (सुट्या मुरमाचा निसरडा उतार) चढताना सोपा वाटतो आणि उतरताना माणूस अडकतो. उतरताना शरीर थोडे आडवे ठेवून, पावले आखूड टाकून, टाच रुतवत यावे. गवताचा किंवा सुट्या दगडाचा आधार धरू नये. दृष्टिभय असलेल्या (खालची खोली पाहून भीती वाटणाऱ्या) टप्प्यावर दोर लावण्याचा निर्णय पहिला माणूस घाबरण्यापूर्वी घ्यायचा असतो. पाणी हिवाळ्यात माणशी तीन लिटर, एप्रिल-मेमध्ये चार ते पाच. गडावरची टाकी उन्हाळ्यात आटतात किंवा खराब होतात, त्यांच्या भरवशावर चढू नये. विजेरी डोक्याला बांधता येणारी हवी, कारण उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

प्रस्तरारोहण : मुंबईतल्या गिरिविहार या संस्थेची स्थापना १९५४ची, हिमालयन क्लबचेही मुख्यालय इथेच आहे. कान्हेरी, मुंब्रा आणि बेलापूरच्या कातळांवर आरोहकांच्या पिढ्या शिकल्या. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगच्या (कमी उंचीच्या कातळावर दोराविना चढाईच्या) विश्वचषक मालिकेतल्या फेऱ्या झाल्या, ही या छोट्या कातळांच्या परंपरेची मोठी पावती आहे. मोठ्या चढाया सुळक्यांवर आणि कड्यांवर : माहुलीजवळचा वजीर, कर्नाळ्याचा अंगठा, नाणेघाटातला नानाचा अंगठा, खंडाळ्याची नागफणी, कोकणकडा.

बेसॉल्टची अडचण अशी, की तो पकड देतो पण भरवसा देत नाही. प्रत्येक मोठी पकड धरण्यापूर्वी हाताने ठोकून पाहावी. पोकळ, बद्द आवाज आला तर ती सोडावी. जुन्या मेखा आणि बोल्ट पावसाने गंजतात. खडकावर तांबूस ओघळ, ढिला नट किंवा फिरणारी पट्टी दिसली तर त्या एकट्यावर वजन टाकू नये. अँकर (दोर कातळाला बांधण्याचा आधार) किमान दोन स्वतंत्र बिंदूंवर हवा आणि दोघांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवावा, नाहीतर प्रत्येक बिंदूवरचा ताण झपाट्याने वाढतो. चढाईला १० मि.मी.च्या आसपासचा ताणला जाणारा दोर, रॅपलिंगला (दोरावरून कडा उतरायला) न ताणणारा. दोराच्या शेवटी गाठ मारायला विसरणे हे रॅपलिंगच्या अपघातांचे नेहमीचे कारण आहे.

धबधब्यातले रॅपलिंग पावसाळ्यात विहीगाव, भिवपुरी अशा ठिकाणी पैसे देऊन करता येते. त्यात एक गोष्ट तपासावीच : वरचा दोर वजन असतानाही सोडता येईल अशा पद्धतीने बांधला आहे का? पाण्याच्या मारात माणूस, केस किंवा सदरा उतरणीच्या साधनात अडकला तर त्याला तसाच खाली सोडावा लागतो. दोर कायमच्या गाठीने बांधलेला असेल तर सुटका करण्यात मोलाची मिनिटे जातात. राज्य सरकारच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली आहे. ती विचारायला संकोच करू नये.

कड्यांवरच्या आग्या माश्यांची पोळी हा आरोहकांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित धोका. धूर, अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोन यांनी त्या उठतात. पोळे दिसले तर मार्ग बदलावा. हल्ला झाला तर चेहरा आणि मान झाकून दाट झुडपांत शिरावे किंवा दूर पळावे. हात झाडत एका जागी उभे राहू नये.

समुद्र : रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. नावांचा हंगाम ऑक्टोबर ते मे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून येणारा मंद वारा असतो, तो अकराच्या सुमारास पडतो आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो. म्हणून शिकाऊ मुले सकाळी आणि शर्यती दुपारी. मुले २.३ मीटर लांबीच्या, एकाच शिडाच्या ऑप्टिमिस्ट नावेवर शिकतात. मोठी मुले लेझर या मोठ्या नावेकडे जातात. बंदराचे तोंड दक्षिणेला असल्याने ओहोटीचा प्रवाह नावेला समुद्राकडे नेतो. संध्याकाळी वारा पडला आणि त्याच वेळी ओहोटी असेल तर शीड निरुपयोगी होते. अशा वेळी वल्ही, टो-दोर (नाव ओढून नेण्याचा दोर) आणि छोटा नांगर यांवरच भिस्त असते. परतीची वेळ भरतीत येईल असाच बेत आखावा आणि मालवाहू जहाजांचा मार्ग काटकोनात ओलांडावा.

नाव उलटली तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहू नये. शिडाचा दोर ढिला करावा, नावेचे तोंड वाऱ्याकडे फिरवावे, सेंटरबोर्डवर (नावेच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर) उभे राहून काठ मागे ओढावा. उथळ जागी डोलकाठी गाळात रुतते. मग जोर लावून ती मोडण्यापेक्षा साहाय्यक बोटीने दोर लावून नाव हळूहळू फिरवावी.

पोहण्यात धरमतर ते गेट वे ऑफ इंडिया (सुमारे ३६ किमी) आणि संक रॉक ते गेट वे (सुमारे ५ किमी) हे मुंबईचे नामांकित पल्ले. धरमतरचा डाव वेळेचा आहे : ओहोटीच्या सुरुवातीला निघून खाडीतून प्रवाहाबरोबर बाहेर यायचे आणि बंदराच्या पाण्यात भरतीची ओढ मिळवायची. खाडीच्या तोंडाशी उशीर झाला तर तीच भरती समोरून येते आणि तासभर हात मारूनही जलतरणपटू जागेवरच राहतो. सोबतची बोट, दर अर्ध्या तासाला पातळ आहार आणि तेलकट गाळाच्या पट्ट्या टाळणारा जाणता नाखवा यांशिवाय हा पल्ला घेऊ नये.

जुहू, वर्सोवा, अक्सा या चौपाट्या फिरायला आणि फुटबॉलला उत्तम, पोहायला नाहीत. अक्साचा प्रवाह आणि वाळूतले खड्डे विशेष घातक आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये निळे, फुग्यासारखे विषारी जीव किनाऱ्याला लागतात. डंख झाला तर चोळू नये. समुद्राच्या पाण्याने धुवावे, तंतू चिमट्याने काढावेत आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे तो भाग बुडवावा.

मैदाने : मुंबईचे क्रिकेट पावसातही थांबत नाही. १९४८पासून चालू असलेल्या कांगा लीग या क्रिकेट स्पर्धेत ओल्या खेळपट्टीवर चेंडू अचानक उसळतो किंवा थांबून येतो, आणि त्या खेळपट्ट्यांवर फलंदाजांचे तंत्र घडत गेले. आझाद, ओव्हल व क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्क ही त्याची घरे. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन २००४पासून होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सुमारे १०४ चौ. किमी) शहरातच डोंगरी पायवाटा आणि सायकलचा मार्ग देते, मात्र आतल्या वाटांना वनविभागाची परवानगी व वाटाड्या लागतो, आणि बिबट्यांमुळे अंधारात फिरण्यास मनाई असते.

मनाई आणि मदत : जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर पावसाळ्यातले जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश अधिक कडक झाले, निघण्याआधी ते पाहावेत. अपघात झाल्यास ११२ किंवा १०८ला फोन करून ठिकाण, पायथ्याचे गाव, जखमेचे स्वरूप, जागेवरची माणसे आणि उरलेला उजेड एवढे सांगावे. संपर्क न मिळाल्यास कोकणाच्या बाजूच्या उघड्या धारेवर जाऊन पाहावे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि खोपोलीचे यशवंती हायकर्स यांचे पथक पोचेपर्यंत डोके, मान किंवा पाठ दुखावलेल्याला हलवू नये आणि त्याला ऊबदार ठेवावे. पथक पोचायला कित्येक तास लागू शकतात. पायथ्याच्या वाडीतले ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी तरुण डोली बांधून माणूस उतरवण्यात वाकबगार असतात, म्हणून निघतानाच वाडीत थांबून आपली वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवावी.