पार्श्वभूमी : शिकारीच्या रानातले ओक

अमेरिकेत शिकारीसाठी राखलेल्या खासगी रानांत ओकची रोपं लावतात, ती सावलीसाठी नव्हेत आणि लाकडासाठीही नव्हेत. शरदात एकॉर्न, म्हणजे ओकची टणक फळं, गळू लागले की पांढऱ्या शेपटीची हरणं झाडाखाली येतात. तिथून हाकेच्या अंतरावर, वाऱ्याची दिशा बघून बांधलेल्या मचाणावर माणूस बसलेला असतो.

पूर्वेकडच्या डोंगरांत हरणांच्या खाण्यासाठी एके काळी भरवशाचं झाड होतं चेस्टनट. 1904 मध्ये न्यूयॉर्कला त्यावर बुरशी दिसली आणि 1950 पर्यंत तीन-चार अब्ज झाडं वाळून गेली. मग सगळी भिस्त ओकवर आली आणि ओक पडला लहरी. एका वर्षी एकॉर्नचा खच, पुढची दोन-तीन वर्षं जेमतेम मूठभर. त्या काळात ते एकॉर्न खायला हरणंही फारशी नव्हती. 1900 च्या सुमाराला देशभरात तीन ते पाच लाख उरली होती. शिकारीवर निर्बंध आले, 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी वळवला, पकडलेली हरणं रिकाम्या रानांत नेऊन सोडली गेली. आज तीन कोटींच्या आसपास आहेत. म्हणजे हरीण वाचवायचं कसं हा प्रश्न मागे पडला आणि शेजाऱ्याच्या रानातलं हरीण आपल्या रानात आणायचं कसं, हा सुरू झाला.

मक्याचं पोतं ओतणं हा सोपा उपाय, पण बऱ्याच राज्यांत तो 'आमिष' ठरतो आणि गुन्हा होतो. 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये हरणांना मेंदू पोखरणारा असाध्य रोग सापडला. एका ढिगावर अनेक तोंडं लागली की तो पसरण्याचा धोका वाढतो, म्हणून नियम आणखी आवळले. लावलेलं झाड मात्र आमिष नाही. हेतू तोच, पण कायदा हेतू बघत नाही, पोतं बघतो.

खरा वाद आहे तो परदेशी सॉटूथ ओकचा. देशी पांढऱ्या ओकचा एकॉर्न कमी तुरट, हरणांना सर्वांत प्रिय. पण झाडाला धड फळ धरायला वीस वर्षं तरी लागतात, कधी चाळीस. साठीच्या माणसाने ते लावायचं कुणासाठी? सॉटूथ पाच-सहा वर्षांतच फळतो. हे झाड आशियातलं, चीन-जपान-कोरियापासून आपल्या ईशान्येपर्यंतचं. मणिपुरात याच्याच पाल्यावर टसर रेशमाचे किडे पोसतात. अमेरिकेत ते एकोणिसाव्या शतकातच पोचलं होतं. पण त्याला सरकारी शिक्का मिळाला तो 1986 मध्ये, जेव्हा केंद्रीय कृषी खात्याच्या एका शाखेने त्याचं निवडक वाण जंगली टर्की पक्ष्यांसाठी प्रसारात आणलं. बारीक एकॉर्न टर्कीला सहज गिळता येतात, हा हिशेब. हरणवाल्यांनीही ते उचललं. राज्यांच्या रोपवाटिकांतून स्वस्तात रोपं मिळू लागली.

माझ्या मते इथे घाई झाली. झाड जोमाने वाढतं, भरपूर फळतं, दूरच्या मुलखातून आलेलं असल्यामुळे कीडही कमी लागते. या तिन्ही गोष्टी जाहिरातीत गुण म्हणून छापल्या गेल्या आणि नेमक्या त्याच पुढे दोष ठरल्या. ते लागवडीबाहेर उगवू लागलं, काही राज्यांनी आक्रमक परदेशी वनस्पतींत टाकलं. देशी ओकवर पाचशेहून अधिक जातींच्या सुरवंटांचं पोट भरतं आणि त्या सुरवंटांवर पाखरांची पिल्लं वाढतात. कीड न लागणारं झाड त्या पाखरांच्या काय कामाचं? आपल्याकडे सुबाभळीचं झालं, त्याच वळणाची ही गोष्ट.

बचाव करणाऱ्यांचंही एक म्हणणं आहे, ते सोडून देता येत नाही. देशी ओक रुसतो त्या वर्षीही सॉटूथ सहसा फळतो. अडचण अशी की त्याचे एकॉर्न लवकर, सप्टेंबरपासूनच गळतात आणि बंदुकीने शिकारीचा हंगाम बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरचा. तोवर झाडाखाली उरतात त्या रिकाम्या वाट्या, कडेला कुरळ्या केसांसारखे खवले असलेल्या.

'ओक' शब्दानेही आपल्या वाचकाचा घोटाळा होतो. बागेतला सिल्व्हर ओक हा ओक नव्हेच. त्याला एकॉर्न लागत नाही. हिमालयातला बांज मात्र खरा ओक.

अलीकडे पुन्हा देशी ओक, किंवा लवकर फळणारे संकर लावण्याकडे कल आहे. त्याला हातभार लागला 1979 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या प्लास्टिकच्या नळीचा. पाच फुटी नळीत रोप उभं ठेवलं की ते भराभर सरळ वर येतं आणि हरणाच्या तोंडाला लागत नाही. नळी नसेल तर ज्याच्यासाठी लावलं, ते हरीणच शेंडा खुडून जातं. नर हरीण शिंगं घासून साल सोलतो, ते वेगळंच.