डॉट ५ म्हणजे डॉट ४ पेक्षा भारी?

ब्रेक ऑइलच्या बाटलीवर ‘डॉट’ या अमेरिकी मानकाचा आकडा असतो; तो जितका मोठा तितकं ऑइल चांगलं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि घोळ त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच घरातले, ग्लायकॉल या रसायनावर आधारित. आकड्याबरोबर त्यांचा किमान उकळबिंदू वाढतो: नवं असताना २०५, २३० आणि २६० अंश सेल्सिअस. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं. जांभळट रंगाचं, ग्लायकॉलमध्ये न मिसळणारं. पाणी शोषत नाही हा त्याचा गुण सांगतात. पण आत शिरलेलं पाणी मग एका जागी साचतं, तिथे गंज धरतो. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, म्हणून एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) गाड्यांत ते सहसा चालत नाही. ५ आणि ५.१ ही नावं इतकी सारखी ठेवण्याची बुद्धी कुणाला सुचली कोण जाणे!

ग्लायकॉलवालं ऑइल हवेतला ओलावा ओढतं. ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ४ चा किमान उकळबिंदू थेट १५५ वर येतो. त्यामुळे ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच प्रकार घाला, सीलबंद बाटलीतून, आणि मॅन्युअलमधल्या मुदतीत बदला.