पदन्यास (युद्धकला)

पदन्यास : झुंजताना पाऊल कोठे, कोणत्या क्रमाने आणि अंगाचा किती भार घेऊन टाकायचे, याची शिस्त. मराठी वाचकाला हा शब्द नृत्यामुळे अधिक परिचित आहे. क्रिकेटच्या समालोचनात त्याच्या जागी ‘पदलालित्य’ येते. तालमीत आणि मर्दानी खेळात मात्र ‘पवित्रा’ हा शब्द चालतो, आणि तो जास्त नेमका आहे. उभे राहण्याची ढब आणि तिथून कोणत्याही क्षणी हलण्याची तयारी, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. वर्तमानपत्रांतला ‘आक्रमक पवित्रा’ आता इतका रुळला आहे की मुळात ही पायांची गोष्ट आहे याचा आपल्याला विसर पडला आहे.

वार हाताने होतो, असे नवशिक्याला वाटते. मुष्टियुद्धात उजव्या हाताचा सरळ ठोसा मागच्या पायाच्या चवड्यातून सुरू होतो. टाच बाहेर वळते, तिच्यामागून कंबर फिरते, मग खांदा पुढे येतो आणि सर्वांत शेवटी मूठ पोचते. मधला एक दुवा निसटला तर ठोसा नुसत्या दंडाचा उरतो. पण जोरापेक्षाही मोठे काम अंतराचे आहे. प्रतिस्पर्धी टप्प्यात यावा आणि आपण त्याच्या टप्प्यात नसावे, हे पायच ठरवतात. केंदो या जपानी तलवारीच्या कलेत ‘एक पाऊल, एक वार’ एवढ्या अंतराला स्वतंत्र नाव आहे : इस्सोकु इत्तो. एक पाऊल पुढे टाकले तर वार लागतो, एक मागे घेतले तर समोरच्याचा वार चुकतो. याच परंपरेत योद्ध्याच्या गुणांची उतरंड सांगतात : पहिले डोळे, दुसरे पाय, तिसरे धैर्य, चौथी ताकद. ताकद शेवटी आणि पाय धैर्याच्याही आधी, हा क्रम शिकवणाऱ्यांनी अनुभवातून लावलेला दिसतो.

पाय उचलला की माणूस काही क्षण एका पायावर असतो, आणि तेव्हा अंगाचा तोल सावरणे कठीण असते. जूदोतील ‘दे आशी बाराई’ हा डाव याच क्षणावर बेतलेला आहे. प्रतिस्पर्ध्याचा पुढे येणारा पाय जमिनीला टेकतो आहे, पण त्यावर अजून पुरता भार आलेला नाही, एवढ्यात तळव्याने तो झाडून टाकायचा. थोडे आधी केले तर तो पाय सहज मागे घेतो. थोडे उशिरा केले तर पाय रोवलेला असतो आणि खांबाला लाथ मारल्यासारखे होते. म्हणून जूदो, कराटे, सुमो आणि केंदो या चारही कलांत तळवा जमिनीला घासत सरकण्याची चाल आहे, तिला ‘सुरी आशी’ म्हणतात. मुष्टियुद्धाचा नियमही त्याच कारणाने आला : डावीकडे जायचे तर डावा पाय आधी, उजवीकडे जायचे तर उजवा, आणि पायांची कात्री कधीही होऊ द्यायची नाही. कात्री झालेल्या क्षणी हलका धक्काही माणसाला पाडतो.

पदन्यासाची एकच आदर्श पद्धत नाही. ज्या जमिनीवर एखादी कला वाढली त्या जमिनीने तिची पावले घडवली. तलवारबाजीच्या स्पर्धेची पट्टी १४ मीटर लांब आणि जेमतेम दीड ते दोन मीटर रुंद असते. बाजूला सटकायला जागा नाही, म्हणून सगळा खेळ पुढे-मागे चालतो आणि मागच्या पायाच्या रेट्याने घेतलेली लांब झेप हे त्याचे मुख्य अस्त्र ठरते. सुमोचे वर्तुळ ४.५५ मीटर व्यासाचे. पाऊल बाहेर पडले की हार, तळव्याखेरीज अंगाचा कोणताही भाग टेकला तरी हार. तिथे गुडघे वाकवून, बूड खाली ठेवून जमिनीला चिकटून सरकणेच शहाणपणाचे. मुष्टियुद्धाचे रिंगण चौकोनी, त्यामुळे तिथे कोपऱ्याचा प्रश्न येतो. पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे-मागे जाणारा खेळाडू दमतो, तर तिरके पाऊल टाकून वाट अडवणारा त्याला कोपऱ्यात आणून उभा करतो. मुहम्मद अली यांच्या पायांची जगभर चर्चा झाली. नोव्हेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलंड विल्यम्स यांच्याविरुद्ध त्यांनी दाखवलेली पायांची भराभर अदलाबदल ‘अली शफल’ या नावाने प्रसिद्ध आहे. ती नजर खिळवून ठेवते. पण माझ्या मते त्यांचे खरे कौशल्य ठोशाच्या टप्प्याबाहेर अर्ध्या पावलावर तरंगत राहण्यात होते.

केरळच्या कळरिपयट्टू या युद्धकलेत शिकण्याची जागाच जमिनीत खोदलेली असते. परंपरेने ती ४२ फूट लांब आणि २१ फूट रुंद. चुवडु म्हणजे पावले आणि वडिवु म्हणजे प्राण्यांच्या ढबीवरून बांधलेल्या शरीराकृती. हत्ती, सिंह, घोडा, डुक्कर, साप, मांजर, कोंबडा, मोर अशा या ढबी आहेत. शिष्य आधी ‘मेय्तारि’ म्हणजे केवळ शरीराचे शिक्षण पुरे करतो. त्यानंतर ‘कोल्तारि’त लाकडी शस्त्रे आणि ‘अंकतारि’त धातूची शस्त्रे हाती येतात. तमिळनाडूच्या सिलंबममध्येही काठीच्या डावांइतकेच ‘कालडि’ला, म्हणजे पावलांना, महत्त्व आहे.

महाराष्ट्रात पावलांची सर्वांत कठोर परीक्षा घेणारे शस्त्र दांडपट्टा आहे. पट्ट्याची मूठ पोलादी खोबणीच्या आत असते आणि ती खोबण कोपरापर्यंतचा हात झाकते. त्यामुळे मनगट वळवताच येत नाही. तलवार मनगटाच्या हिसक्याने दिशा बदलू शकते, पट्ट्याला ती सोय नाही. लांब, लवचीक पाते आणि अडकलेले मनगट यांची दिशा बदलायची तर कोपर, खांदा, कंबर आणि शेवटी पाय फिरवावे लागतात. पट्टेकऱ्याने एक पाऊल चुकीचे टाकले की पाते त्याच्याच पायाकडे येते. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकात हलगी कडाडत असते आणि पट्टेकरी चारी दिशांना तोंड देत गिरकी घेत जातो. प्रेक्षकांची नजर पात्यावर असते. ती क्षणभर खाली, चवड्याकडे वळवावी. प्रत्येक गिरकी कोणत्या पायावर फिरली आणि दुसरा पाय कोठे जाऊन टेकला, हे पाहिले की प्रात्यक्षिकात कापायला ठेवलेल्या लिंबाचे दोन तुकडे का झाले ते उमगते. पाय नेमका पडला नाही तर पाते लिंबावरून निघून जाते, हात कितीही सराईत असो.

शिकवण्याच्या पद्धती बहुतेक साध्या आहेत. फरशीवर खडूने रेघ ओढायची आणि पाऊल त्या रेघेवर पडते का ते पाहायचे. कराटेत झेंकुत्सु दाची या लांब पवित्र्यात पुढे जाताना मागचा पाय आधी दुसऱ्या पायाजवळ येतो आणि मग कमानीसारखा बाहेर जातो. या वेळी डोके वर-खाली व्हायला नको, म्हणून शिक्षक शिष्याच्या डोक्यावर आडवी काठी धरतो. केंदोत पुढच्या पायाच्या टाचेखालून एक कागद सरकावा, एवढीच फट ठेवायला सांगतात. मला सर्वांत बोलका वाटतो तो काठीचा सराव. दोघांनी समोरासमोर उभे राहून एका काठीची टोके तळहातांनी दाबून धरायची. एकाने हवे तसे हलायचे, दुसऱ्याने काठी न पाडता त्याच्याबरोबर जायचे. डोळ्यांनी पाहून पाय हलवणाऱ्याची काठी लगेच पडते. काही दिवसांनी तळहाताला येणारा दाब वाचता येऊ लागतो आणि पाय आपोआप चालतात. युक्रेनचे मुष्टियोद्धे वासिल लोमाचेंको यांना लहानपणी वडिलांनी, जे त्यांचे प्रशिक्षकही होते, मुष्टियुद्ध थांबवून पारंपरिक नृत्य शिकायला पाठवले होते.

चुकीच्या पदन्यासाची किंमत गुडघा मोजतो. तळवा जमिनीत घट्ट रुतलेला असताना वरचे अंग वळले तर सगळा पीळ गुडघ्याच्या सांध्यात जातो आणि आतले अस्थिबंध फाटू शकतात. वळताना टाच उचलणे आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवणे, या दोन सवयी सुरुवातीच्या आठवड्यांतच लागायला हव्यात. अशा शिकवणीत घाई करणारा शिक्षक मुलांचे नुकसान करतो.

कुस्तीत जमिनीचा फरक सर्वांत उघड दिसतो. हौद्यातल्या मऊ तांबड्या मातीत पाय रुततो, मल्ल बोटांनी माती धरून उभा राहतो आणि खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीत, बराच वेळ प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेतो. मॅटवर बुटाची पकड पक्की, हालचाल झपाट्याची, शिवाय ९ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल पडले की गुण जातो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांची घडण प्रामुख्याने मातीतली होती. तिथे ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज कोल्हापूरच्या अनेक तालमींत माती आणि मॅट दोन्ही आहेत. मातीतून वर आलेला पठ्ठ्या पाय धुतो, बूट चढवतो आणि तोच पट, म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव, मॅटवर वेगळ्या अंतरावरून काढायला शिकतो.